मुक्या पालखीतली हाक

“पानी नको देऊ गो तिला... पालखीत मुतली तर काय करशील?”

सुमनआत्या हसत हसत म्हणाली आणि पडवीतल्या सगळ्या बायका हसल्या. वहिनीच्या हातातला पेला होता तिथेच थांबला. स्वरानं पाण्यासाठी तोंड पुढे केलं होतं, ते तिनं मिटून घेतलं. पाच वर्षांची पोर, पण आज हट्ट चालणार नाही हे तिला कळलं होतं. वहिनीनं पेला बाजूला ठेवला आणि पुन्हा तिच्या केसांत गजरा माळायला लागली.

मी दाराला टेकून हे सगळं बघत होते.

पुढचं लिहिण्याआधी एक सांगते. अंगात येणं, भूत दिसणं, देवानं हाक मारणं – यातल्या कशावर माझा कधीच विश्वास नव्हता. या पेजवरचे अनुभव मी वाचायचे ते जेवताना टाइमपास म्हणून. प्रत्येक अनुभवाची सुरुवात ‘माझा विश्वास नव्हता’ अशीच असते, हेही मला माहीत आहे. हसायचं तर हसा. मी इंग्लिश मीडियमची, एवढं लांबलचक मराठी लिहायची सवय नाही, चुका पोटात घाला. पण जे घडलं त्यातला एक शब्दही मी वाढवलेला नाही.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाताना लागतं. सापगावचा पूल ओलांडला की थोडं पुढे डावीकडे फाटा आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आम्ही स्वतः आसनगावला फ्लॅटमध्ये राहतो. गावच्या घरी काका, त्यांचा मुलगा हेमंतदादा, वहिनी आणि त्यांची स्वरा. त्या दिवशी आईच्या माहेरी, टोकावड्याला लग्न होतं, म्हणून आई-बाबा तिकडे गेले आणि ‘घरातलं कोणीतरी हवं’ म्हणून पालखीला मला एकटीला पाठवलं. मी फारशी बोलत नाही. कामही तसंच – घरी बसून हेडफोन लावायचे आणि लोकांच्या व्हिडिओंना इंग्लिश सबटायटल्स करायची. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकते. स्वतःचं बोलणं दहा वाक्यांच्या वर जात नाही.

आमच्या गावाचा राखणदार म्हणजे बाळदेव. देवळात हातभर उंचीचा शेंदरी तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला बिनघडीव दगड, त्याला चांदीचे डोळे. गोष्ट अशी सांगतात की फार पूर्वी गावावर लुटारू आले. सगळं गाव बियाण्याचं भात आणि गुरं घेऊन रानात लपलं. एक पोर मात्र गोठ्यात राहिलेलं वासरू सोडवायला परत आलं आणि सापडलं. मुलगा की मुलगी, ते कोणीच सांगत नाही. बाळच म्हणतात. लुटारूंनी त्याला नदीकाठी भर उन्हात बांधलं आणि समोर पाण्याचं मडकं ठेवलं. गाव कुठे लपलंय ते सांग, मग पाणी देतो. बाळ बोललं नाही. दुपारी तिथंच गेलं.

म्हणून चैत्रात त्याची पालखी निघते, ती भर दुपारी आणि पूर्ण मुकी. ढोल नाही, जयजयकार नाही. देवळातून नदीपर्यंत जायचं, पालखी काठावर टेकवायची, परत फिरायचं – आणि तोपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही. त्यासाठी प्रत्येकानं ओठांत आंब्याचं पान धरायचं. पान पडलं की मौन मोडलं. मौन मोडलं की वर्षभर गावावर काहीतरी येणार, असं मानतात. पालखीत देवाच्या टाकाशेजारी एक जिवंत पोर बसवतात. दरवर्षी एका घराची पाळी. त्या पोराला सकाळपासून पाणी नाही. आणि बाळाची आई रानात होती म्हणून या पोराच्या आईनंही घरात दार लावून बसायचं, पालखी परत आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

या वर्षी पाळी आमच्या घराची होती.

बायका पालखी बघायला देवळाकडे गेल्या तेव्हा वहिनीनं माझा हात धरला. “अगं, हिला रात्रीपासून जुलाब होतायत. अंग पण गरम लागतंय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले बाबांना सांग. बाबांना मी काय सांगणार? तू सांग ना. तुझं ऐकतील, तू शिकलेली.”

मी काकांकडे गेले. ते अंगणात फेटा बांधत होते, भोवती सात-आठ माणसं. माझं वाक्य तयार होतं. “काका, स्वराला बरं नाहीये. निदान पाणी तरी...”

काकांनी फेट्याचं टोक दातातून सोडलं. “काय गो बाय, तुमच्या इंग्लिश शाळंत देवाला पन वॉटरबॅग देतात काय?”

सगळे हसले. काका दुष्ट नाहीत, हे इथं लिहायला हवं. मी लहान असताना मला खांद्यावर बसवून त्यांनी हीच पालखी दाखवलेली आहे. “आमी पन बसलेलो पालखीत,” ते जरा मऊ आवाजात म्हणाले. “तुजा बाप पन बसलेला. कोन मेला काय? एक दुपार तर हाय. चल, पान घे.”

माझे कान तापले होते. मी पान घेतलं.

तुम्ही कधी शेकडो माणसांना एकत्र, तोंड बंद ठेवून चालताना ऐकलंय का? मला वाटायचं शांतता असेल. नसते. अनवाणी पावलांचा घासल्यासारखा आवाज येतो. पालखीचा दांडा करकरतो. कुठेतरी कोकीळ ओरडत होती आणि प्रत्येक वेळी लोक दचकून वर बघत होते, जणू तिलाही सांगायला हवं होतं. आंब्याच्या पानाचा चीक ओठांना लागून चुरचुरत होतं.

मी पालखीच्या उजव्या बाजूला, अगदी जवळून चालत होते. घरातली म्हणून मला तिथं जागा दिली होती. पुढचा खांदा हेमंतदादाचा, त्याचं तोंड नदीकडे. काका सगळ्यांच्या पुढे. स्वरा झेंडूच्या माळांत गळ्यापर्यंत बुडालेली, डोक्यावर चांदीचा मुकुट, अंगावर जरीची शाल. त्या उन्हात शाल!

आंबराई संपून नदीचा उतार सुरू झाला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिनं कठडा धरला होता, तो हात सुटला होता. मुकुट एका कानावर आला होता. डोळे अर्धे उघडे, पण बुबुळं वर गेलेली. पालखी हलेल तशी मान हलत होती... फक्त तशीच. ओठ पांढरे, कोरडे, चिकटलेले.

मागच्यांना माळांमुळे काही दिसत नव्हतं. पुढचे पुढे बघत होते. वहिनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, दार लावून बसलेली. म्हणजे हे दिसत होतं ते मला एकटीला.

मला ओरडायचं होतं. हे लिहिताना मी स्वतःला दोष देत नाही आणि शाबासकीही देत नाही, फक्त झालं ते सांगते. माझा हात पानाकडे गेला होता. बोटं देठाला लागली होती. आणि तेवढ्यात...

“थांबा रे! पानी द्या तिला!”

खणखणीत आवाज. लहान मुलीचा म्हणावा, तर त्यात भीती नव्हती. मुलाचा म्हणावा, तर तसाही नव्हता. तो माझ्या अगदी शेजारून आला, माझ्या डाव्या बाजूने, आणि खालून – माझ्या कमरेच्या उंचीवरून. मी पटकन खाली पाहिलं. तिथं कोणीही नव्हतं. पालखीच्या जवळ पोरांना येऊच देत नाहीत.

मी वर पाहिलं तर सगळे माझ्याकडे बघत होते.

पालखी जागच्या जागी थांबली होती. हेमंतदादानं वळून पाहिलं, त्याला स्वरा दिसली आणि त्याच्या तोंडातलं पान पडलं. “स्वरा! ए स्वरू!” त्यानं खांदा दुसऱ्याला दिला आणि तिला माळांसकट बाहेर ओढलं.

मग एकदम सगळेच बोलायला लागले.

“मोडला! मौन मोडला!”

“कोन बोल्ला?”

“ती आसनगाववाली. मी बघितला ना, तिच्याच बाजूनं आला आवाज.”

“शिकल्या ना पोरी, आता देवाला पन शिकवतील!”

“पाणी आणा कोणीतरी!” हेमंतदादा ओरडला. नदी तर समोरच होती. दोघे-तिघे खाली धावायला निघाले, तर काकांनी हात आडवे केले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. “पालखी टेकली नाय अजून. थांबा. पालखी टेकू दे आदी...”

“बाबा, पोर बघा माझी!”

बापलेक एकमेकांसमोर उभे. गर्दी मधे लटकलेली. आणि त्याच वेळी मागची गर्दी फाटली आणि वहिनी आली. अनवाणी, पदर सुटलेला, हातात तांब्या. अर्धं पाणी तिच्या साडीवर सांडलं होतं. ती कोणाशीही बोलली नाही. सासऱ्यांना तिनं खांद्यानं बाजूला सारलं – माझ्या वहिनीनं, जी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही – आणि स्वराच्या तोंडावर, डोक्यावर पाणी ओतलं.

स्वराला आम्ही निलेशच्या गाडीतून शहापूरला नेलं. निलेश सुमनआत्याचा मुलगा; आत्या गावातच दिलेली. सलाइन लावली. डॉक्टरांनी हेमंतदादाला कॉरिडॉरमध्ये असं काही झापलं की मलाच वाईट वाटलं. अजून थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. संध्याकाळी स्वरानं डोळे नीट उघडले आणि पहिली मागणी केली ती बर्फाच्या गोळ्याची. काला-खट्टा. तिला पालखीतलं काही आठवत नव्हतं.

दवाखान्यातल्या बाकावर वहिनी माझ्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “बरं झालं तू हाक मारलीस.”

“वहिनी, मी नाही मारली.”

“अगं, मला हाक मारलीस ना. ‘पानी घेऊन ये’ म्हणून. पडवीत. मला वाटलं तू परत आलीस. दार उघडलं तर कोणीच नाही. मग माझे पायच थांबेनात.”

मी तिला म्हटलं की मी पालखीसोबत होते.

आता याचा विचार करा. घर गावाच्या वरच्या अंगाला, मधे टेकाड आणि पूर्ण आंबराई. नदीवरचं ओरडणं तिथं ऐकू जाणं शक्य नाही. बरं, गेलं असं धरलं, तरी ते अंतर धावत यायला वेळ लागतो. ती आमच्यात पोचली तेव्हा हेमंतदादा आणि काकांचं जेमतेम चार वाक्यांचं बोलणं झालं होतं. म्हणजे आम्ही आवाज ऐकला त्याच्या आधीच ती घरातून निघालेली असणार.

पुढचे दोन दिवस मी गावात ‘मौन मोडलेली’ होते. काकांचा फोन आला – देवळात येऊन नारळ ठेव, माफी माग, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. बाबाही म्हणाले, “एक नारळ तर आहे. जाऊन ये ना.” मी फोन ठेवला आणि हेडफोन लावले. नेहमीसारखे.

मग निलेशनं व्हिडिओ पाठवला. मुकी पालखी शूट करायची नसते, पण त्यानं शर्टाच्या खिशातून केला होता. उताराच्या वळणावर त्यात मी दिसते. अगदी स्पष्ट. पान ओठांत आहे, बोटं देठाला लागलेली आहेत, तोंड बंद. मग पालखी थांबते, सगळ्या माना माझ्याकडे वळतात, मी खाली बघते. पान अजून ओठांतच आहे.

आणि आवाज नाही.

पावलं ऐकू येतात. दांड्याची करकर येते. कोकीळही येते. ती हाक तेवढी नाही. हे माझं कामच आहे हो. मी हेडफोन लावून ते पुन्हा पुन्हा ऐकलं, सॉफ्टवेअरमध्ये टाकून आवाजाची रेघ पाहिली. त्या जागी रेघ सपाट आहे. शेकडो माणसं एकाच क्षणी थबकतात, आणि कशामुळे ते रेकॉर्डच झालेलं नाही.

खाली कमेंटमध्ये कोणी मास हिस्टेरिया लिहील, कोणी उन्हाचा परिणाम लिहील. लिहा. मीही तेच सगळं शोधलंय. माझ्या एकटीच्या कानात वाजलं असतं तर मी तुमच्या आधी डॉक्टर गाठला असता. पण हेमंतदादाला ते शब्द पाठ आहेत. सुमनआत्याला आहेत. काकांनाही आहेत. आणि वहिनी तर तिथं नव्हतीच.

व्हिडिओ गावभर फिरला आणि गंमत बघा – जिला माफी मागायला लावणार होते, तिच्याच पाया पडायला लोक यायला लागले. ‘बाळदेव बोल्ला. हिच्या बाजूला उभा राहून बोल्ला.’ सापगावहून एक बाई तान्हं बाळ घेऊन आमच्या आसनगावच्या फ्लॅटवर आल्या आणि म्हणाल्या, नुसता हात ठेवा डोक्यावर. मी आत जाऊन कडी लावून बसले. आईनं त्यांना चहा दिला.

रविवारी देवळात बैठक होती. या वेळी मी गेले.

काका मला बघून उठून उभे राहिले. माझ्यासाठी! सतरंजीवर पुढे जागा केली. त्यांचे डोळे ओले होते, आणि ते खोटे नव्हते. “मी तुला बोल्लो त्ये मनात ठेवू नको, बाय. आमाला काय म्हाईत? इतक्या वर्सांत देव कवा बोल्ला नव्हता.”

“आता जत्रा मोठी करायला पायजे,” कोणीतरी म्हणालं.

“बॅनर लावू. मुरबाडपर्यंत.”

“आनि नेम पन कडक करायचा,” काका म्हणाले. “पोर खरा तहानलेला, म्हनून तर देव धावून आला. पुडच्या वर्सी पाळी सुमनच्या घराची. विहानला आदल्या रातीपास्नंच पानी बंद करू.”

माना हलल्या. कोणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही. विहान निलेशचा मुलगा, चार वर्षांचा. तो सुमनआत्याच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या फिरवत होता. आत्याचा हात त्याच्या पोटावर होता. तिनं त्याला जवळ ओढलं. निलेश जमिनीकडे बघत होता. वहिनी दारात उभी होती, आणि ती माझ्याकडे बघत होती.

तो आवाज कोणाचा होता, मला आजही माहीत नाही. बाळदेवाचा होता असं मी म्हणणार नाही, कारण मला तसं दिसलेलं काही नाही. कोणाचाच नव्हता असंही म्हणणार नाही, कारण मी तो ऐकला. पण तिथं बसल्या बसल्या एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती इतकी साधी होती की आजवर कोणी बोललं कसं नाही याचाच मला राग आला.

मी उठून उभी राहिले. सगळ्यांना वाटलं आता देव बोलणार. एका म्हातारीनं तर हात जोडले.

“हात जोडू नका, मी देव नाही,” मी म्हटलं. “काका, बाळाचं पाणी गावानं तोडलं नव्हतं, लुटारूंनी तोडलं होतं. पुढच्या वर्षी विहानला तहानलेला बसवलात, तर पालखी देवळाच्या पायरीवरच अडवीन. आणि तेव्हा ओरडणारी मी असेन, कोणाला शोधत बसू नका.”